कूलरच्या पत्र्याचं चिलखत

विन्या, पहिल्यांदा एक सांगून टाकतो. तुझ्या त्या नाइट लोकांबद्दलचं माझं मत तू गेल्यावरही बदललेलं नाही. लोखंडात गुंडाळून घोड्यावर बसवलेले रिकामटेकडे लोक. माणूस गेल्यावर सगळे गोड बोलायला लागतात, ते मला जमणार नाही. पन्नास वर्षं आपण एकमेकांशी गोड बोललो नाही, आता कुठं सुरुवात करायची?

कॉलेजवाले तुझ्यावर स्मरणिका काढायलेत. तुझ्या विभागातल्या नव्या मॅडमचा फोन आला होता. "तुम्ही सरांचे बालमित्र. सरांचा निर्भीडपणा या विषयावर एक पान द्या," म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, सरांवर एका पानात भागणार न्हाई, आणि निर्भीडपणावर पानभर निघणार न्हाई." हसावं का नाही ते बाईंना कळेना. तू असतास तर हसला असतास, आणि मग दोन दिवस फुगून बसला असतास.

म्हणून लिहायला बसलो. पण बोलतोय ते तुझ्याशीच.

शाळेत आपण एका बाकावर. तू पाठांतरात पुढं, मी हाताच्या कामात. तू शिकत गेलास आणि सेलूतच इतिहासाचा प्राध्यापक झालास. मी बारावी करून स्टेशन रोडवर वडिलांच्या पत्र्याच्या दुकानात बसलो. कूलर, धान्याच्या कोठ्या, लग्नातल्या पेट्या. पाच वाजता कॉलेज सुटलं की तुझी स्कूटर माझ्या दुकानासमोर लागायची. पिशवीतून ती जाडजूड चित्रांची पुस्तकं निघायची, आणि माझ्या तेलकट हातांपासून जपत तू पानं उलटायचास.

"हे बघ रंगा, प्रबोधनकाळातला दरबार. एकीकडं चित्रकार, कवी, आणि दुसरीकडं हे नाइट. काय शान हाय बघ!"

शान होती, खोटं कशाला बोलू? छातीचा पत्रा माठासारखा गोल, त्यावर नक्षी, कडेनं सोन्याचं पाणी. गुडघ्यावर एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या, खवल्यासारख्या. मी ते गुडघे बघत राहायचो. पाय वाकवला की पत्रा वाकतो आणि फट पडत नाही, हे कसं केलं असेल? मी विचारायचो, "कोणी केलंय हे?" तू राजाचं नाव सांगायचास. मी म्हणायचो, "घातलंय कोणी ते न्हाई विचारलं. केलंय कोणी?" तू पुस्तक चाळायचास आणि म्हणायचास, "मिलानचा कोणीतरी कारागीर असेल."

कोणीतरी. तिथंच माझं डोकं फिरायचं. तूच सांगितलंस की तो कारागीर पत्र्यावर एक बारीकशी खूण ठोकायचा. अख्ख्या आयुष्याची मेहनत, आणि नावाला काय, तर खूण. आणि आत जो उभा राहायचा, तो अमुक प्रांताचा तमुक उमराव, बापजाद्यांसकट अर्धं पान.

मग त्यांच्या लढाया. तू रंगात येऊन सांगायचास की दोन घोडेस्वार समोरासमोरून दौडत येतात, मध्ये लाकडी कठडा, हातात भाले, गॅलरीत राण्या आणि त्यांच्या सख्या. मी विचारलं, "भाला लागून मरत न्हाईत का?" तू म्हणालास, "अरे, तो भाला मोडायचा म्हणूनच केलेला असतो. पोकळ. मोडला की गुण मिळतात." मी एवढा हसलो की हातातली कातर खाली पडली. मोडण्यासाठी केलेला भाला, मान वळू नये म्हणून छातीला पक्का केलेला टोप, आणि याला तुम्ही शौर्य म्हणायलात! तोवर तोफा आल्या होत्या. खऱ्या लढाईत बंदुकवाला शेतकऱ्याचा पोरगा यांना घोड्यावरून खाली पाडायला लागला होता. म्हणून हे दरबारात येऊन लढाईचं नाटक करत होते. फ्रान्सचा एक राजा तर पोरीच्या लग्नाच्या जल्लोषात असाच खेळायला उतरला आणि भाल्याची ढलपी टोपाच्या फटीतून आत जाऊन मेला. हे तूच हळहळत सांगितलंस. मला त्या राजाची बिलकुल दया आली नाही. मी म्हटलं, "लग्नघरी पाहुण्यांना वाढायचं सोडून हे धंदे कोणी सांगितले होते?"

पण तुझं खरं प्रेम होतं ते त्यांच्या धर्मावर. स्त्रीदाक्षिण्य. हा शब्द तू असा उच्चारायचास जसा काही तूच तो घडवलाय. अबलांचं रक्षण, दिल्या शब्दाला जागणं, एखाद्या उमरावाच्या बाईचा रुमाल दंडाला बांधून मैदानात उतरणं. एकदा मी विचारलं, "विन्या, हा नियम सगळ्या बायांना होता का?"

"म्हणजे?"

"म्हणजे रुमालवाल्या बाईसाठी ह्यो मैदानात उतरायचा. ह्याच्या जहागिरीत ज्या पोरी कणसं कापायच्या, त्यांचा हात ह्यानं धरला तर?"

तू पुस्तक मिटून पिशवीत घातलंस. मग म्हणालास, "नियम दरबारातल्या स्त्रियांपुरता होता. पण रंगा, त्या काळाला आजचा गज लावू नये." मी म्हटलं, "मग शान पण त्याच काळात ठेव, इथं कामून आणायलास?" आपला हा वाद तेव्हा अर्धा राहिला. पुढं तो कसा पुरा होणार आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात तुला चिलखताचं खूळ लागलं. स्नेहसंमेलनात तू अख्खा नाइट होऊन येणार. "तूच करू शकतोस," म्हणालास. मी फुगलो, मान्य करतो. कूलरचा पत्रा घेतला आणि तीन आठवडे लाकडी मोगरीनं ठोकत बसलो. वैशाली तेव्हा अकरावीत होती. शाळेतून आली की पुस्तक समोर धरून उभी राहायची आणि सांगायची, "बाबा, कोपराची पट्टी उलटी बसली." माझी पोरगी तुझ्याच नादानं इतिहासाकडं वळली. तिच्यासाठी तू सिनेमातला नट आणि गुरुजी, दोन्ही होतास.

छाती झाली, पाय झाले, टोप झाला. खांदा काही जमला नाही. तीनदा कापला, तीनदा फेकला. तेव्हा त्या मिलानच्या माणसाला मी दुकानात एकटाच असताना हात जोडले. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

संमेलनाच्या दुपारी तू स्टेजवर आलास. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पत्रा तापलेला, आत तू घामानं भिजलेला, हात वर केलेला खाली येईना, कारण खांदा माझा. टाळ्या थांबल्यावर तू टोप काढायला गेलास तर तो अडकला. भाषण तू टोपातूनच केलंस. आवाज रांजणातून यावा तसा. प्राचार्यांचे आभार, संस्थेच्या अध्यक्षांचे आभार, "माझ्या बारा वर्षांच्या अभ्यासाचं हे फळ" असं म्हणालास. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, मांडीवर कातर घेऊन; टोप निघाला नाही तर कापावा लागणार, म्हणून. माझं नाव तू घेतलं नाहीस. मागच्या खोलीत मी तुला पत्र्यातून कापून बाहेर काढलं, आणि तू म्हणालास, "कसं झालं?"

"ब्येस," मी म्हणालो. "राजासारखं."

तुला ते कौतुक वाटलं.

एवढ्यावर मी तुला माफ केलं असतं, केलंही होतं. गर्व तर काय, तुझ्यात शाळेपासूनच होता. खरी गोष्ट पुढची आहे, आणि ती त्या स्मरणिकेत कोणी लिहिणार नाही.

वैशाली तुझ्या कॉलेजात आली, बी.ए.ला, इतिहास घेऊन. दुसऱ्या वर्षाला असताना शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही घ्यायला ऑफिसात गेली. तिथं संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या बसायचा. सगळ्या कागदांवर त्याचा शिक्का. त्यानं दार लोटलं आणि तिचा हात धरला. तिनं हिसका दिला, मोकळ्या हातानं दार उघडलं, आणि दारात तू होतास, हजेरीपट हातात घेऊन. तिचं मनगट त्याच्या मुठीत होतं ते तू बघितलंस. तुला बघून त्यानं मूठ सोडली. ती घरी आली, तिनं पाणी पण घेतलं नाही, सरळ सांगितलं. शेवटी म्हणाली, "बाबा, सरांनी बघितलंय." आणि हे सांगताना तिला धीर आला होता. विन्या, तुझ्या नावानं माझ्या पोरीला धीर आला होता.

मी त्याच संध्याकाळी तुझ्याकडं आलो. सुधावहिनींनी दार उघडलं.

"बघितलंस ना?" मी विचारलं.

"बघितलं."

"चौकशीत सांगशील?"

"सांगणार म्हणजे? हे काय विचारणं झालं? मी शब्द देतो तुला." आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास.

चौकशी समितीसमोर तू बसलास तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होतो आणि वैशाली आत, तुझ्यापासून चार हातांवर. तू काय म्हणालास ते तिनंच मला सांगितलं. तू म्हणालास, "मी दाराशी होतो, पण नीट दिसलं नाही. विद्यार्थिनी घाईत बाहेर आली एवढं खरं." बाहेर येताना तू माझ्याकडं बघितलंस आणि रुमालानं चष्मा पुसायला लागलास. मला तुझ्याइतका लहान माणूस त्या दिवशी दुसरा दिसला नाही. त्या पुतण्याला तर मी माणसांत मोजतच नव्हतो.

तक्रार निकाली निघाली. पोरीनं कॉलेज सोडलं. घरी बसून बाहेरून परीक्षा दिल्या, आणि मग परभणीला एका डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर लागली. रोज सेलूहून रेल्वेनं जाणं-येणं. तिनं इतिहासाची पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. तुझ्याबद्दल घरात शब्द काढला नाही. शिव्या मीच द्यायचो. ती म्हणायची, "बाबा, बस करा की आता."

तू आठवड्यानं दुकानात आलास. मी म्हटलं, "काय पाहिजे? कूलर का कोठी?" तू म्हणालास, "रंगा, ऐक. नोकरीची पाच वर्षं राहिलीत. ते लोक काय करतील तुला माहीत हाय." मी म्हटलं, "घोड्यावर बस आणि जा." हे बोलताना मला बरं वाटलं होतं. त्यानंतर चार वर्षं आपण बोललो नाही. एकाच गावात, एकाच बाजारात. तू पलीकडच्या बाजूनं जायचास, आणि मी हातोडी जरा जोरात मारायचो.

मग जिंतूरकडच्या एका खेड्यातली पोरगी. तोच पुतण्या, तेच ऑफिस. तिच्या बापानं तक्रार केली. तू तेव्हा निवृत्तीला सात महिने राहिलेला माणूस. गप बसला असतास तर कोणी विचारलं नसतं. या वेळी तू दाराशी पण नव्हतास.

एक दिवस वैशाली परभणीहून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "आज सर आले होते."

"कोण सर?"

"तुमचे."

तू नंबर लावून पेशंटांच्या रांगेत बसलास म्हणे. तासभर. तिनं नाव पुकारल्यावर काउंटरपाशी आलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "वैशाली, मी बघितलं होतं. मी खोटं बोललो." डोळ्यात थेंब घालून बसलेल्या म्हाताऱ्या बाया पण मान वर करून ऐकायला लागल्या.

"मग तू काय म्हणलीस?" मी विचारलं.

"मी म्हणलं, सर, हे मला माहीत हाय. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगा. ते म्हणले, माफ करशील का? मी म्हणलं, आधी तिकडं जाऊन या. आणि पुढचा नंबर पुकारला."

माझी पोरगी तेव्हा चोवीस वर्षांची होती, विन्या. तुझ्या पुस्तकांत एवढे राजे, एवढे उमराव. कोणाच्या खांद्यावर तलवार टेकवून त्याला नाइट करताना त्यांनी कधी एवढं नेमकं काम सांगितलं होतं का?

आणि तू गेलास. दुसऱ्या दिवशी कॉलेजात लेखी दिलंस. त्या पोरीची तक्रार खरी मानावी, कारण चार वर्षांपूर्वी असंच घडलेलं मी स्वतः पाहिलं होतं आणि चौकशीत खोटं बोललो होतो, असं सहीनिशी. तुला निलंबित केलं. कारण काय, तर आधीच्या चौकशीत खोटी साक्ष दिली! तुझं खोटं चार वर्षं त्यांना चाललं. खरं चार दिवस चाललं नाही. पण कागद बाहेर गेला, वर्तमानपत्रात आला, आणि पुतण्याला ऑफिस सोडावं लागलं. निरोप समारंभ न होता निवृत्त झालेला तू पहिलाच प्राध्यापक. स्टाफरूममधल्या कुणी त्या सात महिन्यांत तुझ्या घरची पायरी चढली नाही, असं सुधावहिनी सांगतात.

मी पण चढलो नाही. शेवटी तूच आलास दुकानात. मी चहा सांगितला. त्यानंतर दोन वर्षं तू पहिल्यासारखा येत राहिलास, पण पुस्तकं आणायचं बंद केलंस. मी पण त्या लोकांना शिव्या द्यायचं बंद केलं, आणि खरं सांगतो, ते दिवस जरा आळणीच गेले. एकदा, उन्हाळा सुरू होत होता, कूलरची घाई होती, तू मध्येच विचारलंस, "रंगा, मी उशिरा गेलो. पण गेलो ना?"

मला कळलं होतं तुला काय ऐकायचंय. एवढा म्हातारा, एवढा शिकलेला माणूस, बारावी पास पत्रेवाल्याच्या तोंडून एक वाक्य मागत होता. मी म्हणालो, "चार वर्षं उशिरा." आणि ग्राइंडर चालू केला. ठिणग्या उडायला लागल्या म्हणून तू उठून उभा राहिलास. मी चालूच ठेवला. तू हात हलवून गेलास. त्याच महिन्यात एका दुपारी सुधावहिनींचा फोन आला, की जेवायला बसलेत आणि बोलायलेच न्हाईत.

परवा कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोला पहिला हार घातला तो अध्यक्षांनी. ज्या हातानं तुझ्या निलंबनावर सही केली, त्याच हातानं. "आमच्या संस्थेचा ताठ कणा गेला," म्हणाले. प्राचार्य म्हणाले, "एक निर्भीड योद्धा हरपला." टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून थांबले, नाहीतर वाजवल्या असत्या. ओळीनं सात-आठ जण बोलले, सगळे इस्त्रीचे कपडे घालून, आणि एकाच्याही तोंडी त्या कागदाचं नाव नाही. तुझे दरबारी लोक यांच्यापेक्षा बरे म्हणायचे, निदान पडल्यावर त्यांना लागत तरी होतं.

सगळ्यात शेवटी विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय का?" मी सुधावहिनींच्या मागच्या खुर्चीवर होतो. सांगायचं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पुढच्या रांगेत अध्यक्ष होते, आणि कॉलेजच्या होस्टेलसाठी पंचवीस कोठ्यांचं काम माझ्याकडं चालू आहे. मी उठलो नाही. दोन मिनिटं शांतता पाळून घरी आलो.

एवढी वर्षं मी तुझ्याकडं ज्या नजरेनं बघत होतो, त्या नजरेनं त्या दिवशी मोरीतल्या आरशात बघितलं. लय वेळ बघवलं नाही.

म्हणून आता सांगतो. तू तिकडं जाऊन खरं सांगितलंस ते चांगलं केलंस, विन्या. उशीर झाला, तरी चांगलं केलंस. तुला कोणी जबरदस्ती केली नव्हती, अंगात पत्रा नव्हता, गॅलरीत कोणी बसलं नव्हतं, आणि समोरचा भाला पोकळ नव्हता. हे वाक्य मला तुझ्या तोंडावर बोलायला हवं होतं. दोन वर्षं रोज पाच वाजता तशी सोय होती.

हे सगळं लिहून झाल्यावर मी वैशालीला वाचून दाखवलं. ती कामावरून आली होती, भाजी निवडत होती. मी म्हटलं, "कॉलेजवाले छापणार न्हाईत. पण द्यायचं तर मी जाऊन मॅडमच्या हातात देतो. तुझं नाव काढून टाकतो, 'एक विद्यार्थिनी' लिहितो."

"काहून?" तिनं विचारलं. "माझं नाव राहू द्या. पूर्ण लिहा."

"आणि त्या पुतण्याचं? त्याचं पण घालू का?"

तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली आणि जरा विचार केला.

"न्हाई," म्हणाली. "सरांच्या लेखात त्याला कशाला जागा द्यायची?"